गाडी बघायचे शनिवार

आमच्या रस्त्यावर वसंत आला की बायका हात वर करून उभ्या राहतात. हिवाळाभर आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या कोठारांत झोपलेले वोनवागन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरं, ईस्टरच्या सुमारास बाहेर निघतात. धुवायला, हवा द्यायला, गाद्या उन्हात टाकायला लोक ते एखादा दिवस घरासमोर आणून लावतात. मग जोडायची वेळ येते. नवरा गाडी मागे घेत असतो आणि बायको गाडी आणि वोनवागनच्या मधल्या फटीशी उभी राहून हाताने सांगत असते. ये, ये, अजून, जरा डावीकडे. मग तिचा हात वर जातो, गाडीचे लाल दिवे लागतात, आणि गाडीमागचा लोखंडी गोळा नेमका वोनवागनच्या जबड्याखाली येऊन थांबतो. नवरा उतरून बघतो, मान हलवतो. बऱ्याचदा दोघं एकमेकांशी बोलतही नाहीत. समोरच्या इमारतीतल्या बेहरेन्सबाईंना आता गुडघ्यांमुळे धड चालता येत नाही, पण एवढ्यासाठी त्या काठी टेकत खाली येतात. काठी डाव्या हातात, उजवा हात वर.

मी खिडकीत चहा घेऊन उभी असते. त्या वर गेलेल्या हाताचा मला असा हेवा वाटतो की चहा कपातच निवतो.

मिलिंद गेला त्याला दोन हिवाळे झाले. लोक दुःखाची चौकशी करतात. झोप लागते का, जेवतेस ना नीट, पुण्याला जाऊन येतेस का थोडे दिवस. हेव्याची चौकशी कोणी करत नाही, आणि केली तर मी तरी काय सांगणार? पण खरं असं आहे की माझ्या दुःखात मोठा वाटा हेव्याचा आहे. एकाच पिशवीचा एकेक बंद धरून बाजारातून येणारी म्हातारी जोडपी दिसली की मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. फार्मसीत नवऱ्याची औषधं घेताना त्याच्या नावाने वैतागणाऱ्या बाईचा मला हेवा वाटतो. वैतागायला तिच्याकडे माणूस आहे. आणि वसंतात या हात वर करणाऱ्या बायका. त्यांचा हेवा जास्त टोचतो, कारण मिलिंद होता तेव्हाही त्या फटीशी मी कधी उभी नव्हते. आमच्याकडे तिथे जुई उभी असायची.

जुई आमची मुलगी. जर्मनीतल्या या ब्राउनश्वाइगमध्येच जन्मली, इथेच वाढली. इथले लोक 'ज'चा 'य' करतात, त्यामुळे बालवाडीत गेल्या दिवसापासून तिची 'युई' झाली. घरात मात्र ती जुई होती. नाव मी ठेवलेलं. आमच्या साताऱ्याच्या घराच्या कुंपणावर जुई होती म्हणून. मिलिंदने तिला चेष्टेने युई म्हणायला सुरुवात केली ती त्या वसंतात, ती सोळा वर्षांची असताना, ज्या वसंतात दोघं दर शनिवारी पिकअप बघायला जायचे. नाव बदललं म्हणजे माणूस बदलत नाही, हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं. पण जेवणाच्या टेबलावर त्याने "युई" म्हटलं आणि तिने जर्मनमधलं "या?", म्हणजे "हो?", म्हणत मान वर केली, की वाटायचं, या घरात एक मुलगी अशी आहे जिला मी ओळखत नाही.

वोनवागन आधी आला होता. मिलिंदच्या कंपनीतला एक वयस्क सहकारी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला चालला होता; त्याने आपला जुना वोनवागन आम्हाला दिला. तपकिरी पट्ट्यांचा, आत शिरलं की ओलसर लाकडाचा आणि कुणाच्या तरी कॉफीचा वास येणारा. खेड्यातल्या एका कोठारात तो हिवाळाभर उभा होता. त्याच्या नंबरप्लेटच्या उजव्या टोकाला दोन छोटे आकडे होते, वर चार, खाली दहा. इथे वाहनाची नोंदणी अशी ठरावीक महिन्यांपुरती करता येते. एप्रिल ते ऑक्टोबर ते रस्त्यावर येऊ शकतं; उरलेल्या महिन्यांत कायद्याच्या लेखी ते जणू नसतंच. मला ती कल्पना तेव्हा फार आवडली होती. मी म्हटलंही होतं, माणसांनाही अशी प्लेट हवी. मिलिंद गेला तो नोव्हेंबरात, प्लेटवर नसलेल्या महिन्यात. आता ते आकडे बघवत नाहीत.

तर वोनवागन होता, पण आमच्या छोट्या गाडीला तो ओढवणार नव्हता. कुणीही एखादी दणकट स्टेशन वॅगन घेतली असती. मिलिंदला पिकअपच हवा होता, मागे उघडा हौदा असलेला. तो कऱ्हाडजवळचा, त्याच्या लहानपणी हायवेला ट्रकच्या बॉड्या बांधायचे कारखाने होते, आणि शाळेतून येताना तो तिथे तासन्‌तास उभा राहायचा. "गाडी म्हणजे माणसं नेते," तो म्हणायचा. "ट्रक म्हणजे घर नेतो." कंपनीत आयुष्यभर मोटारींचे सुबक पुढचे भाग आखणारा माणूस हे बोलायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराचं हसू यायचं. त्या हसण्याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. जुईकडे होते.

शनिवारी सकाळी पोहे व्हायचे. दोघं उभ्याउभ्याच खायचे, बशा ओट्यावर ठेवून. पहिल्या-दुसऱ्या शनिवारी मी विचारलं होतं, "मी येऊ का?"

"ये की," मिलिंद म्हणाला. "पण कंटाळशील गं तू. नुसती चाकं बघायची तासन्‌तास."

जुई बूट घालत होती. "आईला पुस्तक दे ना. ती गाडीत बसेल वाचत," ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि दोघं हसले. वाईट काहीच नव्हतं त्या हसण्यात. मी पण हसले. पण गेले नाही. त्याचं ते 'ये की' मला किंचित उशिरा आल्यासारखं वाटलं होतं.

मग दार लागायचं आणि घर शांत व्हायचं. अशी शांतता एरवी मी मागून घ्यायची. विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवडाभर लोकांची पुस्तकं हाताळून शनिवारी आपलं पुस्तक उघडायचं, हे माझं सुख होतं. त्या वसंतात मात्र मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायची. खाली अंगणात फोर्सिथियाची पिवळी झुडुपं फुललेली असायची, इतकी पिवळी की पुस्तकाच्या पानावर त्यांची झाक पडायची. आणि मी कान देऊन ऐकत असायची, गाडी आली का.

आले की दोघांच्या अंगाला नव्या रबराचा आणि शोरूममधल्या फुकट कॉफीचा वास असायचा. जुईच्या खिशातून दुकानांच्या नावांचे किल्लीचे पट्टे, पेनं, गोळ्या निघायच्या. जेवताना बोलणं सुरू. ही दणकट पण आवाज फार करते. ती ओढेल, पण मागच्या सीटवर गुडघे दुमडावे लागतात. पलीकडच्या गावातली बघायला हवी. मधेच आनहेंगेलास्ट, म्हणजे गाडीला किती ओझं ओढायची परवानगी आहे ते, आणि श्टुट्सलास्ट. हा दुसरा शब्द मी शब्दकोशात बघितला आणि तरी मला नीट कळला नाही. मिलिंदने लाटणं आणि लिंबू घेऊन समजावलं. वोनवागन गाडीमागे नुसता बांधलेला नसतो, तो पुढे झुकून थोडा भार गाडीवर टेकवून असतो. भार कमी टेकला तर मागचं घर रस्त्यावर डुलायला लागतं. जास्त टेकला तर पुढची गाडी नाक वर करते आणि हाताला येत नाही.

"म्हणजे नेमका किती टेकायचा?" मी विचारलं.

"तेच तर बघतोय आम्ही," जुई म्हणाली.

आम्ही. त्या 'आम्ही'त मी नव्हते, एवढं व्याकरण मला येत होतं.

माझी मैत्रीण वृंदा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. त्या दिवसांत तिचा रोज फोन असायचा. "काय गं, स्थळं बघून झाली की नाही अजून? पत्रिका जुळत नाही की उंची कमी पडते?"

"अजून चहापोहेच चाललेत," मी म्हणाले.

"हसू नकोस. शेवटी सवतच आणणार बघ तो घरात. ती पण दोन टनांची!"

मी हसले. पण मला सवतीची भीती नव्हती. मला माझ्या पोटच्या मुलीचा हेवा वाटत होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याचा वेळ दुसऱ्या बाईने घेतला तर रडता येतं, भांडता येतं, माहेरी जाता येतं. तो मुलीला मिळत असेल तर आईने आनंदीच असायचं असतं. मी होतेही. दोन्ही एकाच वेळी होते, आणि ते एकत्र शिजत नव्हतं. डाळीत खडा राहावा तसं.

एका शनिवारी जुई रडत परत आली. त्यांनी एक गडद हिरवा पिकअप बघितला होता, आणि तो तिच्या मनात भरला होता. आठवडाभर ती त्याचा फोटो घेऊन फिरत होती. दुसऱ्यांदा बघायला गेले आणि मिलिंदने नाही म्हटलं. तिने खोलीचं दार आपटलं. मी मिलिंदला विचारलं, काय झालं. "नाही जमलं," एवढंच बोलून तो हात धुवायला गेला. मी गरम वरणभात घेऊन तिच्या दाराशी गेले. तिने दार उघडलं नाही. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मला बरं वाटलं होतं. त्या दोघांमध्ये एक फट पडली होती आणि तिच्यातून मला थोडं आत दिसत होतं.

त्याच सुमाराला मिलिंदच्या खांद्यावरच्या पिशवीत माझा एक दिवाळी अंक सापडला. वृंदाने पुण्याहून आणलेला, मी पुरवून पुरवून वाचत असलेला. पानांवर काळसर अंगठे उमटले होते.

"वाचत तर नाहीस, मग खराब कशाला करतोस?" मी चिडून म्हटलं.

"बघत होतो जरा," तो म्हणाला.

मिलिंद आणि दिवाळी अंक! मी तो विषय तिथेच सोडला.

शेवटी ईस्टरच्या तोंडावर एक करडा पिकअप आला. त्याच्यात खास काही नव्हतं. तो घरासमोर उभा राहिला तेव्हा मला वाटलं, आता निदान शनिवार संपले. आणि या गाडीसाठी मीही काहीतरी करणार असं मी ठरवलं होतं. आशियाई दुकानातून नारळ आणून ठेवला होता. हळद, कुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. पहिल्या सहलीच्या सकाळी वोनवागन जोडायच्या आधी मी पूजा केली. बेहरेन्सबाई बाल्कनीतून कौतुकाने बघत होत्या. नारळ कुठे फोडायचा असा प्रश्न आला. फुटपाथवर फोडला तर शेजारी काय म्हणतील म्हणून मीच सुचवलं, गाडीमागच्या त्या लोखंडी गोळ्यावर फोड, नाहीतरी सगळा भार त्यालाच घ्यायचाय. मिलिंदला कल्पना फारच आवडली. त्याने दणकन नारळ घातला, दोन सरळ शकलं झाली, मी टाळ्या वाजवल्या. आणि सगळं पाणी शेजारच्या विजेच्या सॉकेटमध्ये गेलं. वोनवागनच्या दिव्यांची वायर जिथे लागते त्या सॉकेटचं झाकण जुईने तयारी म्हणून आधीच उघडून ठेवलं होतं.

वायर लावल्यावर डावीकडे वळायचा दिवा लागेना, ब्रेकचा दिवा मात्र आपला आपण लुकलुकायला लागला. बेहरेन्सबाईंनी वरून विचारलं, "हे पण पूजेत असतं का?"

मग दोघं बापलेक गाडीमागे उकिडवे बसले. कान साफ करायच्या काड्या, माझा केस वाळवायचा ड्रायर, खिडकीतून सोडलेली लांब वायर. डोकी एकमेकांना टेकलेली. "युई, इकडे धर." "बाबा, त्या पिनेत खोबरं आहे!" आणि हसणं. मी हातात खोबऱ्याच्या वाट्या घेऊन उभी. अख्ख्या वसंतात मी एकच गोष्ट केली होती, आणि तिनेसुद्धा त्या दोघांना अजून एक तास एकत्र दिला.

निघण्याआधी त्यांनी न्हाणीघरातला माझा वजनकाटा आणून वोनवागनच्या जबड्याखाली ठेवला, वर झाडूच्या दांड्याचा तुकडा उभा केला, आणि टेकलेला भार मोजला. जास्त भरला. "आई, कणकेचा डबा मागे ने. कुकर पण. आणि ही पुस्तकं कुणाची?" माझा सगळा संसार त्या सकाळी नुसते किलो होता. पुढून मागे, मागून मधे.

नंतरची वर्षं चांगली गेली, हे लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. उत्तरेकडचा समुद्र, जंगलातली तळी, पत्र्यावर टपटपणाऱ्या देवदाराच्या काड्या, आणि सकाळी शेजारच्या तंबूतल्या पोरांनी "ते पिवळं पुन्हा आहे का?" म्हणत पोहे मागायला येणं. प्रवासात मिलिंद चालवायचा, मी त्याच्या शेजारी, आणि जुई मागून आमच्या दोघांच्या मधे मान घालून त्याच्याशी बोलत असायची. मी वाचायची. अंधार पडला की पुस्तक मिटावं लागायचं, कारण माझ्या डोक्यावरचा दिवा भलतीकडेच पडायचा, थेट गुडघ्यांवर. पुढे पुढे तर तो लागायचाच बंद झाला. मिलिंदला दोनचारदा सांगितलं. "बघतो," म्हणायचा. मिक्सर, शेजाऱ्यांच्या सायकली, वृंदाचं धुण्याचं मशीन, सगळं दुरुस्त करणारा माणूस. तो दिवा त्याने कधी बघितला नाही. मग मी काळोखातल्या पवनचक्क्यांचे लाल दिवे बघत बसायची आणि त्या दोघांचं बोलणं ऐकायची.

या हिवाळ्यात पिकअप गेला. खालचा सांगाडा गंजला होता, तपासणीत नापास झाला. जुईने ते सगळं निस्तरलं. ती आता बत्तीस वर्षांची आहे. योनास तिचा नवरा, आणि लेना ही आमची दुडदुडणारी नात. वोनवागन त्यांनी ठेवायचा ठरवला आहे. आणि मार्चच्या शेवटी तिचा फोन आला.

"आई, शनिवारी येतेस का? गाडी बघायला. योनास लेनाजवळ थांबेल."

"मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळायला नको. तू नुसती बस."

मी बघते म्हणाले. फोन ठेवला आणि मला इतका राग आला. सोळा वर्षांनी मला त्या शनिवारांत बोलावणं आलं होतं, आणि तेही रिकाम्या झालेल्या जागी. बदली म्हणून. तो वसंत त्या दोघांचा होता. त्यातला माझा वाटा म्हणजे ओल्या सॉकेटमधलं खोबरं. मिलिंदच्या नावाने जुई रडते तेव्हा तिच्याकडे रडायला तेवढे शनिवार जास्त आहेत, आणि दुःखातसुद्धा ती माझ्यापेक्षा श्रीमंत आहे, हे मला दोन वर्षं कळत होतं. आता तिथे जाऊन, तिच्या शेजारी उभं राहून, काय काय मला मिळालं नव्हतं ते डोळ्यांनी बघायचं?

वृंदाला सांगितलं. ती म्हणाली, "जा गं बाई. गेलेल्या माणसाशी कसली चढाओढ?"

"त्याच्याशी नाहीये."

वृंदा लगेच म्हणाली, "मग तर जाच."

गेले. गावाबाहेर, शेतांच्या कडेला, वाऱ्यावर फडफडणाऱ्या झेंड्यांखाली गाड्या उभ्या होत्या. फोर्सिथिया इथेही. फोग्ट नावाचा तरुण विक्रेता उत्साहाने पुढे आला, आणि जुईने दोन मिनिटांत त्याचा उत्साह आटोक्यात आणला. ती निळ्या पिकअपभोवती फिरली. गुडघ्यावर बसून मागचा गोळा बघितला. ओझं किती, भार किती टेकवता येतो, विचारलं. उठताना तिने बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा ठोकलं. मिलिंद असंच ठोकायचा, गाडीला आणि कलिंगडाला. हे दुःख होतं की हेवा, ते मी आता वेगळं करत नाही.

"आई, बस. इथे, पुढे."

"पुढे कशाला? योनास चालवेल आणि तू—"

"मी मागे, लेनाजवळ. पुढे तू बसणार. पुस्तक आहे ना पिशवीत?"

पुस्तक माझ्या पिशवीत असतंच. मी बसले. जुईने अंगातला कोट काढला आणि बाहेरून समोरच्या काचेवर पसरला. आत एकदम अंधारून आलं. फोग्ट धावत आला. "सगळं ठीक आहे ना?"

"हो, हो. आम्ही दिवा बघतोय," ती म्हणाली, आणि आत येऊन चालकाच्या जागेवर बसली. हात वर करून तिने माझ्या डोक्यावरचा दिवा लावला.

"हे काय चाललंय तुझं?"

"बाबा असंच करायचा." निम्मं मराठीत, निम्मं जर्मनमध्ये ती सांगत होती. "जॅकेट काचेवर टाकायचा, या सीटवर बसायचा, तुझं ते मोठं मासिक उघडायचा आणि मला विचारायचा, युई, दिसतं का गं? अरे, मला मराठी वाचताच येत नाही! मी म्हणायचे, दिसतं. तो म्हणायचा, छे, आईला नाही दिसणार, अक्षरं बारीक असतात तिची. आल्झो, नाइन, म्हणजे नाहीच. पुढची गाडी."

"कुठल्या गाडीत?"

"प्रत्येक! विक्रेत्यांना वाटायचं हा माणूस वेडा आहे. आणि तो हिरवा आठवतो? तो तुझ्यामुळे गेला, आई. ताकद होती, किंमत बरोबर होती, सगळं होतं. पण नाही, प्रकाश गुडघ्यावर पडतो. मी इतकी जळले होते तुझ्यावर. माझे शनिवार होते ते. तू घरी बसून आरामात वाचत होतीस, आणि तरी सगळं तुझ्यासाठीच."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"का सांगू?" ती म्हणाली. आणि त्या दोन शब्दांत ती बरोबर सोळा वर्षांची होती.

मी पुस्तक उघडून बसले होते. आधी सगळ्या अंगातून ऊन पाणी गेल्यासारखं वाटलं. पानांवरचे ते काळसर अंगठे. "बघत होतो जरा." मग लगेच, सवयीने, हेवा परत आला: त्याचं माझ्यावरचं प्रेमसुद्धा मला तिच्याकडून कळावं, सेकंडहँड, आणि इतकी वर्षं ते तिने आपल्याजवळ ठेवलेलं असावं.

आणि मग मला तो करडा पिकअप आठवला. त्याच्यातला दिवा गुडघ्यावरच पडायचा. मला दुसऱ्या कुणापेक्षा ते जास्त माहीत आहे. हिरवा ज्यासाठी नाकारला तोच दोष करड्यात होता, आणि तरी तो घेतला. पुढे दिवा बंदच पडला, तर त्याने साधा उघडूनही बघितला नाही. कारण त्याला त्या दिव्याशी फारसं देणंघेणं नसावं. ईस्टर आला, वोनवागनची प्लेट सुरू झाली, गाडी घ्यावीच लागली, तेव्हा जी समोर होती ती त्याने घेतली. त्याआधी त्याला हवे होते ते शनिवार. जुई सोळा वर्षांची होती, अजून थोड्याच दिवसांत बापाबरोबर कुठे यायची बंद होणार होती. पसंत पडलेली गाडी नापसंत करायला एक कारण हवं होतं, मुलीला न दुखवणारं. आईला वाचायला दिसत नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या या बाईला अजून वाटत होतं की तिचे शनिवार मी घेतले. एका वाक्यात ते तिला परत करता आले असते. पण ते वाक्य बोलले असते तर आत्ता कुठे माझ्या हातात आलेलं गेलं असतं. ज्या एका गोष्टीत मी त्या वसंतात होते, तिथूनही मी उठले असते.

जुई वाट बघत होती. तिचा चेहरा दिव्याच्या कडेला होता. या गाडीचा व्यवहार झाला की ती लेनाकडे जाईल, मी घरी, आणि शनिवार संपतील.

"दिसतं का, आई?"

समोर पानावर काने, मात्रा, वेलांट्या सगळं लख्ख होतं. इतका चांगला दिवा मी कुठल्याच गाडीत बघितला नव्हता.

"नाही गं," मी म्हणाले. "गुडघ्यावर पडतोय. पुढच्या शनिवारी दुसरी बघू."

जुई माझ्याकडे वाकली. तिला मराठी वाचता येत नाही, पण प्रकाश कुठे पडलाय हे दिसायला वाचता यावं लागत नाही. ती त्या उजळलेल्या पानाकडे बघत राहिली. मग पानावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "त्या हिरव्यात बाबालाही असंच दिसत नव्हतं का?"

मी पुस्तक मिटलं.

तिने दिवा बंद केला. बाहेर गेली, काचेवरचा कोट काढून हातावर घेतला, आणि आत एकदम सगळा दिवस आला. फोग्ट पुढे आला, हसऱ्या चेहऱ्याने, हातात किल्ली घेऊन.

"माफ करा," जुई त्याला म्हणाली. तिचा आवाज जरा भरला होता. "आईला दिसत नाही."